बालकाची बोली आणि सर्जनशील विचार
प्राथमिक शाळेतील अध्यापनपद्धतींचा भाषाशास्त्रीय दृष्टीने विचार

१

प्राथमिक शिक्षणाच्या चर्चेत ‘सर्जनशील विचार’ हा शब्दप्रयोग आता इतका रूढ झाला आहे की, त्याचा नेमका अर्थ काय हे विचारण्याचे कारणच कोणास वाटत नाही. चित्रकला, हस्तव्यवसाय व गायन यांचे तास वेळापत्रकात घातले म्हणजे सर्जनशीलतेची सोय झाली, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. सर्जनशीलता ही काही मोजक्या बुद्धिमान मुलांना लाभलेली देणगी असून सर्वसाधारण वर्गाने तिची चिंता करू नये, अशी दुसरी समजूत आहे. या दोन्ही समजुती एकाच भुईतून उगवल्या आहेत. सर्जनशीलता ही नित्याच्या विचाराहून निराळी, सणासुदीला बाहेर काढावयाची वस्तू आहे, असे दोन्हींत गृहीत धरलेले असते.

मानसशास्त्रात या विषयाला चालना मिळाली ती १९५० साली जे. पी. गिल्फर्ड यांनी अमेरिकन मानसशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणाने. एकाच बरोबर उत्तराकडे नेणारा विचार आणि एका प्रश्नातून अनेक दिशांना फाकणारा विचार, असा भेद त्यांनी पुढे विशद केला. या भेदाचा आधार घेऊन ई. पॉल टॉरन्स यांनी १९६६ साली सर्जनशील विचाराच्या कसोट्या प्रसिद्ध केल्या. हे कार्य महत्त्वाचे आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकाला त्याच्याही अलीकडे जावेसे वाटते. कसोटीचा कागद पुढे येण्यापूर्वी, किंबहुना मूल शाळेची पायरी चढण्यापूर्वीच, ते एक मोठे सर्जनशील कार्य करीत असते. ते कार्य म्हणजे भाषा शिकणे होय.

मूल भाषा केवळ अनुकरणाने शिकते, हे मत आता टिकण्यासारखे नाही. मराठी घरातील तीनचार वर्षांचे मूल ‘मी करला’, ‘बाबांनी देला’, ‘किडा मरला’ अशी रूपे बोलते. त्याच्या घरातील मोठी माणसे ‘केला’, ‘दिला’, ‘मेला’ असे म्हणत असताना ही रूपे आली कोठून? ‘बसला’, ‘पडला’, ‘धावला’ या रूपांवरून मुलाने स्वतःच एक नियम काढला आणि जेथे भाषा त्या नियमाला अपवाद करते तेथेही तो निष्ठेने लावला. ‘करला’ ही चूक खरी. परंतु ती विचार न केल्याची चूक नसून विचार केल्याची खूण आहे. जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून ‘हा वग’ असे सांगितले. मग दोन प्राण्यांचे चित्र दाखवून वाक्य पुरे करावयास सांगितले असता, पूर्वी कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचे अनेकवचन बहुतेक मुलांनी अचूक केले. हा प्रयोग मराठीत कोणासही करून पाहता येईल. ‘हा एक टुमका, हे दोन...’ असे म्हणून थांबावे. मूल ‘टुमके’ म्हणून वाक्य पुरे करील.

मर्यादित साधनांचा अमर्याद वापर हे भाषेचे लक्षण हुम्बोल्टने एकोणिसाव्या शतकात सांगितले होते. नोम चॉम्स्की यांनी १९६०च्या दशकात त्याला आधुनिक व्याकरणाच्या केंद्रस्थानी आणले. या दृष्टीने पाहता प्रत्येक मूल सर्जनशील असते. तेव्हा शाळेपुढील प्रश्न सर्जनशीलता मुलांत कशी निर्माण करावी, हा नव्हे. मुलांनी सोबत आणलेली सर्जनशीलता शाळेत येताच मुकी का होते, आणि कोणत्या अध्यापनपद्धतींनी ती मुकी होणार नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एक स्थळ समोर ठेवतो. वसई तालुक्यात, रेल्वेमार्गाच्या पूर्वेस, तुंगारेश्वरच्या डोंगराकडे जाताना गोखिवरे लागते. मूळचे हे खेडे २००९ साली स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि २०१४ पासून तालुक्यासह नव्या पालघर जिल्ह्यात मोडते. गोखिवरे, वालीव, सातिवली या पट्ट्यात औद्योगिक वसाहती उभ्या आहेत. त्यांच्या आधाराने उत्तर भारतातून व महाराष्ट्राच्या अन्य भागांतून आलेली कुटुंबे चाळींत राहतात.

भाषेच्या दृष्टीने हा प्रदेश पूर्वीपासूनच समृद्ध आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील कोळी, आगरी, वाडवळ, सामवेदी, वारली, कातकरी इत्यादी बोलींची नोंद आहे. वसईच्या पश्चिमपट्टीत वाडवळी व सामवेदी, तर पूर्वेकडे आगरी, कुणबी व आदिवासी बोली आजही घरांतून ऐकू येतात. त्यांत आता हिंदी, भोजपुरी व गुजराती यांची भर पडली आहे. पहिलीच्या एका वर्गात चार-पाच घरभाषा असणे येथे अपवादात्मक नाही. पाठ्यपुस्तकाची प्रमाण मराठी यांपैकी बहुतेक मुलांना सर्वस्वी परकी नसते. पण ती त्यांची स्वतःचीही नसते.

या परिसरातील एका दुसरीच्या वर्गात प्रस्तुत लेखक बसला असता घडलेला प्रसंग सांगणे अस्थानी होणार नाही. मुलांना एक चित्र दाखविले होते. रस्त्यावर घोडा पडलेला, मागे ताडपत्रीने झाकलेली गाडी व भोवती चार माणसे. ‘चित्रात काय दिसते?’ या प्रश्नावर ‘घोडा’, ‘माणसे’, ‘रस्ता’ अशी एकसुरी उत्तरे आली. मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘घोरा परला, कारन...’ तिचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच तिला ‘घोडा पडला म्हण’ असे सांगण्यात आले. तिने तसे म्हटले व ती खाली बसली. तिला थांबविणारे दुसरे कोणी नव्हते. पाहुणा म्हणून गेलेला प्रस्तुत लेखकच होता. भाषाशास्त्राच्या अध्यापनात अनेक वर्षे घालविलेल्या माणसाच्या तोंडून ती दुरुस्ती सवयीने निघून गेली.

आगरी बोलीत स्वरांमधील ‘ड’चा ‘र’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. हे बदल नियमबद्ध आहेत. तेव्हा ‘घोरा परला’ हे त्या मुलीच्या भाषेतील निर्दोष वाक्य होते. परंतु दुरुस्तीने झालेली मुख्य हानी बोलीच्या अवमानाची नव्हती. संपूर्ण वर्गात ‘कारण’ हा शब्द उच्चारणारी ती एकटीच होती. चित्रात जे दिसत नव्हते त्याकडे ती निघाली होती. उच्चार सुधारला आणि विचार तेथेच संपला.

३

शिक्षकाला वर्गात ज्यांना ‘चुका’ म्हणून सामोरे जावे लागते, त्यांचे वस्तुतः तीन निरनिराळे प्रकार आहेत, आणि ते परस्परांपासून वेगळे ओळखणे ही सर्जनशील अध्यापनाची पहिली अट आहे.

पहिला प्रकार बालनियमाचा. ‘करला’, ‘देला’ ही रूपे त्यात येतात. त्यांना औषध लागत नाही. योग्य रूपे पुरेशी कानावर पडली की मूल स्वतःच अपवाद शिकते. शिक्षकाने आपल्या बोलण्यात ‘हो का, तू केलास?’ असे सहज म्हणावे, इतके पुरे.

दुसरा प्रकार बोलीरूपाचा. ‘घोरा’, ‘पानी’, ‘डोला’ ही रूपे त्यात येतात. येथे मुलाचा नियम चुकलेला नसतो. त्याच्या घराचा नियम शाळेच्या नियमाहून वेगळा असतो. येथे दुरुस्ती नव्हे, तर भर घालावयाची असते. ‘घरी घोरा म्हणतो, पुस्तकात घोडा लिहितो’ ही दुहेरी जाणीव सात वर्षांच्या मुलाला अवघड नाही. मामाकडे एक बोलावे व शेजारी दुसरे, हे त्याला ठाऊकच असते.

तिसरा प्रकार वास्तविक अज्ञानाचा किंवा अनवधानाचा. सात अधिक पाच तेरा म्हणणे हा त्याचा नमुना. येथे मात्र दुरुस्ती आवश्यक आहे. पण तेराचा आकडा कसा आला हे मुलास विचारल्यावर.

हे तीनही प्रकार एकाच लाल शाईने खोडले म्हणजे मुलाच्या मनात एकच नियम पक्का होतो, तो असा की, निश्चितपणे बरोबर असलेलेच बोलावे. आणि निश्चितपणे बरोबर असते ते केवळ शिक्षकाने आधी सांगितलेले. गटाने ओरडून दिलेल्या उत्तरांची जी सवय आपल्या प्राथमिक वर्गांत दिसते, तिचे मूळ मुलांच्या मंदपणात नसून या शहाणपणात आहे.

४

मुलाच्या परिसरातून शिक्षण उभे करण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत लक्षणीय प्रयोग याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला झाला, ही गोष्ट वसईच्या अभ्यासकाला अभिमानाची आणि थोडी अडचणीचीही वाटावी अशी आहे. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाची दीक्षा घेतलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात नेण्यात आले.

माँटेसोरीची तत्त्वे स्वीकारूनही तिची महाग साधने ग्रामीण बालवाडीला परवडणार नाहीत, हे ताराबाईंनी ओळखले होते. म्हणून त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, माती ही साधने वर्गात आणली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळा त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम येथेच आहे. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो शब्द देशभर नेला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढण्यात आली. मूल गुरांमागे जाते तर शाळाही कुरणात जाईल, असा त्यामागील विचार होता.

या प्रयोगाचे वर्णन बहुधा काटकसरीचा किंवा सेवेचा आदर्श म्हणून केले जाते. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ अधिक खोल आहे. लाकडी ठोकळ्याला मुलाच्या भाषेत नाव नसते. ते त्याला शिक्षकाकडून घ्यावे लागते. शिंपल्याला, चिंचोक्याला, करवंदाला त्याच्या भाषेत नाव असते, आणि नावाबरोबर ती वस्तू कोठे सापडते, केव्हा पिकते, तिच्याने काय करता येते याचे ज्ञानही असते. अशा वस्तूविषयी बोलताना मूल शिक्षकापेक्षा अधिक जाणते असू शकते. ज्या वर्गात मुलाला कधीच शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक नसते, त्या वर्गात त्याने नवे काही सांगावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

अडचण अशी की, ‘अंगणवाडी’ हे नाव सर्वत्र पोहोचले; पण नावामागील ही शैक्षणिक दृष्टी त्याच वेगाने पोहोचली असे म्हणता येत नाही.

५

आता पद्धतींकडे वळू. पुढील चार पद्धती निरनिराळ्या ठिकाणच्या अनुभवांतून घेतल्या असून साध्या शाळेत, विशेष खर्चाविना, त्या योजता येतात.

(अ) प्रश्नाची रचना. ‘बारा भागिले तीन किती?’ या प्रश्नाचे उत्तर एकच आहे. ‘बारा बोरे काही मुलांत सारखी वाटावयाची आहेत, कितीकिती मुलांत वाटता येतील?’ या प्रश्नात तोच भागाकार आहे. मात्र येथे एक, दोन, तीन, चार, सहा व बारा अशी सहा उत्तरे मुलांनी शोधावयाची असतात, आणि पाच मुलांत वाटल्यास काय होईल हा पुढचा प्रश्न बहुधा कोणीतरी मूलच विचारते. भाषेच्या तासाला ‘काय दिसते?’ ऐवजी ‘याच्या आधी काय घडले असेल?’ असे विचारल्याने हेच साधते. प्रश्न विचारल्यावर शिक्षकाने थोडे थांबणे, हेही पद्धतीचेच अंग आहे. पहिले उत्तर येताच ‘शाबास’ म्हटले की उरलेल्यांचा विचार थांबतो.

(आ) मुलाच्या शब्दांतून वाचन. न्यूझीलंडमधील माओरी मुलांना शिकविणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी ‘टीचर’ (१९६३) या ग्रंथात आपली पद्धती सांगितली आहे. प्रत्येक मुलाला त्या दिवशी जो शब्द हवा असेल तो त्याला एका पत्त्यावर लिहून देणे व त्या शब्दांतूनच त्याचे पहिले वाचन घडविणे, हे तिचे सार. महाराष्ट्रात भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांचे फलटण येथील कार्य या संदर्भात मोलाचे आहे. फलटणच्या बोलीभेदांचा अभ्यास करण्यासाठी आलेल्या या विदुषी तेथेच स्थायिक झाल्या आणि १९८६ साली त्यांच्या पुढाकाराने कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा सुरू झाली. सबंध वर्णमाला ओळीने शिकविण्याऐवजी अक्षरांचे लहान गट व त्यांबरोबरच स्वरचिन्हे शिकवावीत, म्हणजे मुलाला आरंभापासूनच अर्थपूर्ण शब्द वाचता व लिहिता येतात, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र. उदाहरणार्थ, म, क, ल, न ही चार अक्षरे व काना एवढ्यावर कान, नाक, मान, काल, माल, लाल, काका, मामा, कमल, नमन असे शब्द मुलांना स्वतः जुळविता येतात. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत घोकून होईतो वाट पाहणारे मूल तेवढा काळ केवळ नकलाकार असते, चार अक्षरांचे मूल पहिल्याच आठवड्यात रचनाकार होते.

(इ) शब्दघडणीचा खेळ. मराठीचे प्रत्यय हे वर्गातील सर्वांत स्वस्त साधन आहे. शेतकरी, वारकरी, गावकरी हे शब्द फळ्यावर लिहावेत व मुलांना नवे ‘-करी’ शोधण्यास सांगावे. ‘पाऊसकरी’ असा शब्द कोणी केला तर तो कोशात नाही म्हणून पुसू नये. पाऊसकरी काय काम करतो, त्याला मजुरी कोण देते, तो संपावर गेला तर काय होईल, हे विचारावे. येथे व्याकरण व कल्पना यांची फारकत होत नाही. प्रत्ययाचा नियम मुलाला पक्का कळल्याशिवाय पाऊसकरी जन्मालाच येऊ शकत नाही. अनेक घरभाषांच्या वर्गात याच खेळाला जोड देता येते. एकाच वस्तूची सर्व घरांतील नावे फळ्यावर मांडून त्यांतील साम्यभेद मुलांकडूनच काढून घ्यावेत. गोखिवऱ्याच्या वर्गाचे बहुभाषिकत्व मग अडथळा न राहता अध्ययनाचे साहित्य बनते.

(ई) दोन दूरच्या शब्दांची गोष्ट. इटालियन लेखक जानी रोदारी यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या कल्पनेच्या व्याकरणात असा विचार मांडला आहे की, एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवले की त्यांना जोडण्यासाठी मनाला गोष्ट रचावीच लागते. ‘माठ’ आणि ‘छत्री’ हे शब्द द्यावेत. कोणी माठावर छत्री धरील, कोणी छत्री उलटी करून तिचा माठ करील. निव्वळ ‘एक गोष्ट सांग’ असे म्हटले असता मुले पाठ गोष्ट सांगतात. विषयाला बंधन घातले की नवी गोष्ट निघते. सर्जनशीलता म्हणजे बंधनमुक्ती, या समजुतीचेही याने निरसन व्हावे.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात व ते दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा की, प्रमाण भाषा न आल्यास पुढे नुकसान मुलाचेच होईल. परीक्षा, नोकरी व न्यायालय यांची भाषा तीच आहे. हा आक्षेप पूर्णतः मान्य आहे. वारली वा आगरी मुलाला प्रमाण मराठी न शिकविणे हा त्याच्या बोलीचा गौरव नसून त्याच्याशी केलेली वंचना होईल. वाद आहे तो केवळ क्रमाचा व प्रसंगाचा. मूल विचार मांडीत असताना विचार ऐकावा. लेखन शुद्ध करावयाच्या वेळी लेखन शुद्ध करावे. एकाच क्षणी दोन्ही साधू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा दोन्ही लागत नाहीत.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. मोठ्या वर्गात प्रत्येक मुलाचे ऐकणार कसे? शिक्षणहक्क कायद्याने (२००९) प्राथमिक स्तरावर तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरविले असून, शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे व बालकाला भीतीपासून मुक्त ठेवावे, असेही त्यात म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला. परंतु कायद्यातील ‘मातृभाषा’ या शब्दाचा अर्थ व्यवहारात ‘मराठी’ असा होतो आणि तेवढ्यावर समाधान मानले जाते. आगरी घरातील मुलीला मराठी शाळेत घातले की तिला मातृभाषेतून शिक्षण मिळाले, अशी कागदोपत्री नोंद होते. ‘घोरा’ आणि ‘घोडा’ यांमधील अंतर त्या नोंदीत मावत नाही. तीस मुलांच्या वर्गात रोज तीन मुलांचे बोलणे नीट ऐकणे मात्र शक्य आहे. दहा दिवसांत सर्व वर्ग ऐकून होतो.

७

या ठिकाणी आपल्या विभागाचे कर्तव्य उपस्थित होते. मराठी बालभाषेचा, विशेषतः बोलीभाषक मुलांच्या भाषेचा, पद्धतशीर संग्रह ही आजची गरज आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी वसई-पालघर परिसरातील पहिली-दुसरीच्या वर्गांत बसून मुलांची वाक्ये जशीच्या तशी टिपावीत, ती कोणत्या प्रकारात मोडतात हे ठरवावे आणि शिक्षकांपुढे ठेवावीत. वर सांगितलेल्या तीन प्रकारांतील सीमारेषा सर्वत्र स्पष्ट नसतील. एखादे रूप बालनियमाचे की बोलीचे हे घरची भाषा ऐकल्याशिवाय ठरविता येणार नाही. हे काम शिक्षक एकटा करू शकत नाही. भाषेच्या अभ्यासकानेच ते केले पाहिजे. मुलाचे वाक्य सुधारण्यापूर्वी ते एका वहीत लिहून घ्यावे, एवढा नियम शिक्षक व संशोधक या दोघांनी पाळला तरी प्रारंभ होईल.

प्रस्तुत लेखकाने हा नियम स्वतःस लावून घेतला तो उशिरा. काही आठवड्यांनी त्याच वर्गात पुन्हा जाण्याचा योग आला, तेव्हा तेच चित्र मागून घेतले व त्या मुलीजवळ बसून घोडा का पडला असे विचारले. प्रथम ती गप्प राहिली. पुन्हा विचारल्यावर म्हणाली, ‘गारी भरलेली, म्हनून.’ गाडीवर ताडपत्री होती. आतील माल चित्रात कोठेच दिसत नव्हता. गोखिवऱ्याच्या रस्त्याने जाणारे भरलेले टेंपो रोज पाहणाऱ्या त्या मुलीने तो माल ताडपत्रीखाली पाहिला होता. वाक्य वहीत लिहून घेतले आणि तिला पुढचा प्रश्न विचारला, ‘मग आता काय करायला हवे?’ या वेळी ती थांबली नाही.